नवा कॅमेरा घेतलात? गोदाघाटावर नेण्याआधी घरी बसून करायची सेटिंग

सिंहस्थ जवळ येतोय तसे नाशकात गळ्यात नवा कॅमेरा अडकवलेले लोक वाढलेत. कुणाला लग्नाची कामं धरायचीत, कुणाला नांदूरमधमेश्वरचे पक्षी टिपायचेत, कुणाला स्वतःचं चॅनेल काढायचंय. दोनेक आठवड्यांनी यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: एवढे पैसे घातले, पण फोटो मोबाइलपेक्षा वाईट येतात आणि व्हिडिओ तर बघवत नाही.

कॅमेऱ्यात दोष नसतो. मोबाइल सगळे निर्णय तुम्हाला न विचारता घेतो, कॅमेरा ते तुमच्यावर सोडतो. त्यात फोटो आणि व्हिडिओ यांच्या मागण्या एकमेकांच्या उलट असतात. फोटोत शटर (म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) मोकळं सोडायचं असतं, व्हिडिओत ते एका जागी बांधून ठेवायचं असतं. एकाच सेटिंगवर दोन्ही करायला गेलात की दोन्ही बिघडतात. म्हणून माझं सांगणं असं, की घरी टेबलावर निवांत बसून दोन वेगळ्या सेटिंग तयार करा, कॅमेऱ्यात सेव्ह करा, आणि बाहेर पडल्यावर मेन्यूत शिरूच नका. खाली जे आहे ते मिररलेस आणि डीएसएलआर दोन्हींना लागू पडतं. मेन्यूतली नावं कंपनीगणिक थोडी बदलतील.

जवळ काय काय हवं

- कॅमेरा, लेन्स, बॅटरी, चार्जर आणि कंपनीचं मॅन्युअल (छापील नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून पीडीएफ उतरवून घ्या)
- जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड
- दोन मेमरी कार्डं. एक मोठं घेण्यापेक्षा मध्यम आकाराची दोन बरी
- कार्ड रीडर
- हवेचा रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं कापड
- व्हिडिओ करणार असाल तर व्हेरिएबल एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळी काच), छोटा माइक आणि साधा इयरफोन
- हवाबंद डबा आणि सिलिका जेल
- एक पांढरा कोरा कागद (कशाला, ते पुढे येईल)

१. आधी बिल

मेन रोड, एम. जी. रोड भागात चौकशी करताना एखाद्या दुकानात हमखास विचारतील, "दादा, बिल लागेल का? बिनबिलाचं थोडं कमी होईल." बिल लागतंच. वॉरंटी, विमा आणि चोरीची तक्रार या तिन्ही वेळी तोच कागद मागतात. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर लिहिलाय का ते दुकानातच पाहा आणि बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून घ्या.

बाहेरून आणलेला बिनवॉरंटीचा माल, म्हणजे ग्रे मार्केटचा, स्वस्त मिळतो. पण जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही मॉडेलमध्ये मेन्यू फक्त जपानीत असतो, आणि तो नंतर बदलता येत नाही. मेन्यू उघडून भाषेची यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बिल आणि सीरियल नंबर यांचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.

२. बॅटरी, डोळा, घड्याळ

बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. आतली अक्षरं पुसट दिसत असतील तर शेजारी एक बारीक चाक असतं, ते फिरवून अक्षरं स्पष्ट करून घ्या. चष्मा लावून कॅमेरा वापरणार असाल तर चष्मा लावूनच. हे न करता "फोकस लागत नाही" म्हणून सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारणारे लोक आहेत.

घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे लावा. ही किरकोळ बाब वाटते, पण लग्नात दोन कॅमेरे चालू असले आणि एकाचं घड्याळ वीस मिनिटं मागे असलं, की एडिटिंगला बसल्यावर वरमाला आधी आणि मंगलाष्टकं नंतर अशी सरमिसळ होते. दोन्ही घड्याळं एकाच मोबाइलवरून मिनिटा-सेकंदासकट जुळवा.

याच मेन्यूत मालकाचं नाव घालायची सोय असते. ते प्रत्येक फोटोच्या माहितीत जातं. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं असेल तर फक्त कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून, भरलेल्या बॅटरीवर, आणि मध्ये कॅमेरा बंद न करता.

३. कार्ड: इथे काटकसर नको

कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो. व्हिडिओसाठी बघायचं ते 'व्ही' पुढचा आकडा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. नवशिक्याच्या ४के व्हिडिओला व्ही३० बहुतेक पुरतं. व्ही६०, व्ही९० जास्त बिटरेटसाठी, म्हणजे सेकंदाला जास्त डेटा लिहिणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी असतात.

किती जागा लागेल हा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्यात १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग निवडलं, तर आठाने भागून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ गिगाबाइट. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा ते दीड तासात भरणार. साखरपुड्याचा कार्यक्रम त्यात कसाबसा मावेल, लग्न मावणार नाही.

नकली कार्डं बाजारात आणि ऑनलाइन दोन्हीकडे आहेत. लेबलवर १२८, आत प्रत्यक्षात १६, असा प्रकार असतो. कार्ड ठरावीक मर्यादेपर्यंत नीट चालतं आणि नंतरच्या फाइल गायब होतात. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि मॅकवर 'एफ३' ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरून तपासतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. आणि मेन्यूत "कार्ड नसताना शटर चालू द्यायचं का" अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंद करा. दुकानात नमुना दाखवायला तो सोयीचा असतो. तुमच्याकडे तो चालू राहिला तर कार्ड घरी विसरूनही कॅमेरा दिवसभर खटखट वाजत राहील.

४. पाल की एनटीएससी: भारतात पहिला निर्णय हाच

या एका सेटिंगपायी जितके व्हिडिओ वाया जातात तितके दुसऱ्या कशाने जात नसतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचे शिकवणारे सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम (चित्रं) आणि १/६० सेकंदाचं शटर सांगतात. तेच इथे मंगल कार्यालयात लावलं की पडद्यावर काळसर पट्टे वरून खाली सरकायला लागतात. एडिटिंगमध्ये ते काढणं फार कटकटीचं असतं आणि पूर्ण जातीलच असं नाही.

मेन्यूतली 'पाल' ही ५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत, 'एनटीएससी' ६० हर्ट्झशी जुळणारी. तेव्हा व्हिडिओ सिस्टिम 'पाल' ठेवा. मग फ्रेमरेटच्या यादीत २५ आणि ५० दिसू लागतील. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी, रिकाम्या कार्डावर उरका.

- साध्या व्हिडिओला: २५ फ्रेम, शटर १/५०
- पुढे संथ गतीत दाखवायचं असेल तर: ५० फ्रेम, शटर १/१००

शटर फ्रेमरेटच्या दुप्पट ठेवायचं, असा हा जुना नियम. हालचाल डोळ्याला स्वाभाविक वाटेल इतकी पुसट होते. योगायोगाने १/५० आणि १/१०० हे दोन्ही आपल्या विजेच्या ठेक्यात बसतात, त्यामुळे पट्टेही जातात.

फोटोतही हा त्रास होतो. हॉलमध्ये आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात, कारण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. घरातल्या दिव्यांखाली मेकॅनिकल शटर (खरा पडदा हलणारं) वापरा आणि मेन्यूत 'अँटी-फ्लिकर' असेल तर चालू ठेवा. गणपतीच्या देखाव्यातले रंगीत एलईडी आणि स्टेजमागच्या मोठ्या स्क्रीन मात्र वेगळ्याच ठेक्यावर चालतात. तिथे शटर थोडं मागे-पुढे करून पट्टे कमी होतील ती जागा शोधावी लागते.

५. फोटोची सेटिंग

मोड डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो. डायलवर ते 'ए' किंवा 'एव्ही' असं लिहिलेलं असतं. "खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो" हे ऐकून नवीन माणूस मॅन्युअलवर जातो, आणि तो चाकं फिरवत बसेपर्यंत आरती संपलेली असते. मॅन्युअल शिका, पण व्हिडिओसाठी. ते पुढे येईल.

बाकी असं लावा:

- आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. अंधारात फोटो दाणेदार येईल, पण दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.
- ऑटो आयएसओच्या आत किमान शटर ठरवायची सोय असेल तर १/१२५. लहान मुलं, नाच, मिरवणूक असेल तर १/२५०.
- फाइल: रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही. जेपेग लगेच पाठवायला, रॉ नंतर शिकायला. रॉमध्ये फार काळवंडलेला किंवा पिवळा पडलेला फोटोही बराच सुधारता येतो.
- व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची सेटिंग) ऑटो, कारण रॉ असल्यावर तो नंतर बदलता येतो.

कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८-५५ची असेल तर झूम केल्यावर अ‍ॅपर्चर आपोआप लहान होतं, हे लक्षात असू द्या. आतल्या खोलीत फोटो काढायचा तर झूम न करता दोन पावलं पुढे जा.

पक्ष्यांसाठी वेगळं गणित. नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थंडीत चापडगावच्या बाजूने सकाळी गेलात तर पक्षी भरपूर, पण ते लांब असतात आणि किट लेन्सने पाण्यावर ठिपके येतात. मोठी लेन्स भाड्याने मिळते, पहिल्यांदा तीच घ्या. उडत्या पक्ष्याला शटर प्रायॉरिटीवर (इथे शटर तुम्ही ठरवता) १/१६०० च्या आसपास, आणि शक्यतो मेकॅनिकल शटर. अनेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरने फडफडणारे पंख वेडेवाकडे दिसतात. निफाडच्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी खिशात अंगाशी ठेवा.

६. फोकस

दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत: कसा आणि कुठे.

कसा? स्थिर वस्तूला सिंगल, हलत्याला कंटिन्युअस. काही कंपन्या यांना 'वन शॉट' आणि 'सर्व्हो' म्हणतात. माणसं आणि प्राणी टिपणार असाल तर सरळ कंटिन्युअसवर ठेवून विसरून जा.

कुठे? कॅमेऱ्यात चेहरा आणि डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर मधला एक छोटा चौकोन निवडा. सगळी फ्रेम कॅमेऱ्यावर सोडलीत, तर घाटावर तो नेमका पुढच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यावर फोकस करेल.

डोळा ओळखताना 'माणूस', 'प्राणी', 'पक्षी' असे प्रकार निवडावे लागतात. पक्ष्यावर ठेवलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी बारशाला नेलात तर तो चेहऱ्यांकडे लक्षच देत नाही.

७. काळाराम आणि दूधसागर: कॅमेरा उजेड कसा मोजतो

कॅमेऱ्याची समजूत अशी, की समोरचं जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. त्याचा पडताळा घ्यायला नाशिकइतकं सोयीचं गाव नाही.

काळाराम मंदिराच्या आवारात उभं राहून काळ्या पाषाणाची भिंत फ्रेमभर घ्या. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो फोटो उजळवतो, आणि काळा दगड राखाडी, धुतल्यासारखा दिसतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक-उणेचं चिन्ह असलेलं बटण किंवा चाक असतं. ते उणे एकच्या आसपास नेलं की दगड पुन्हा काळा.

मग पावसाळ्यात सोमेश्वरच्या दूधसागर धबधब्यावर जा. तिथे उलट होतं. फ्रेमभर पांढरा फेस, कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, आणि पाणी मळकट येतं. इथे अधिक पाऊण किंवा एक. पांढरी धोतरं, नवरीची पांढरी साडी, थंडीतलं धुकं, सगळ्यांना हाच न्याय.

तिसरी परीक्षा पांडवलेण्यांत. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातून बाहेर बघत फोटो घेतलात तर आतलं दिसेल किंवा बाहेरचं. दोन्ही एकदम सापडणं अवघड. अशा वेळी बाहेरचा उजेड जपा. काळोखातलं रॉमधून थोडंफार वर काढता येतं, पण पांढराफटक पडलेल्या आभाळात काही उरलेलंच नसतं. स्क्रीनवर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू ठेवा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की उजेड वाया चाललाय.

८. व्हिडिओची सेटिंग

मोड मॅन्युअल. फ्रेम २५, शटर १/५०, आणि ते तिथेच सोडायचं. मग उजेड आवरायला अ‍ॅपर्चर आणि आयएसओ एवढेच उरतात.

आणि इथेच दुपारी बाहेर पडलेला माणूस अडकतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला, १/१०० शटरवर, अ‍ॅपर्चर साधारण एफ/१६ लागतं. तुम्हाला शटर हवं १/५० आणि मागचं पुसट करायला अ‍ॅपर्चर हवं एफ/२.८. म्हणजे सहा स्टॉप उजेड जास्त झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजेच ६४ पट. तेवढा अडवायला लेन्सवर काळी काच लावावी लागते, ती एनडी फिल्टर. व्हेरिएबल एनडी फिरवून कमी-जास्त करता येतो. अगदी स्वस्त घेऊ नका. फार फिरवला की चित्रावर तिरकी काळी फुली पडते. लेन्सच्या तोंडावर मिलिमीटरचा आकडा असतो, त्याच मापाचा फिल्टर घ्या.

फिल्टर नाही म्हणून काही जण शटर १/१००० करतात. मग ढोलवाल्यांचे हात झटके दिल्यासारखे दिसतात. फिल्टर येईपर्यंत अ‍ॅपर्चर एफ/११, एफ/१६ ला नेऊन सावलीत शूट करा, पण शटरला हात लावू नका.

व्हाइट बॅलन्स व्हिडिओत ऑटो नको. माणूस उन्हातून मांडवात शिरला की शॉट चालू असतानाच रंग बदलतो. उन्हात ५५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, जुन्या पिवळ्या बल्बखाली ३२०० च्या आसपास. हळदीच्या मांडवात पिवळ्या कापडातून गाळून येणारा उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो. तिथे तो कोरा पांढरा कागद यजमानांच्या तोंडासमोर धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. संध्याकाळच्या गोदाआरतीला मात्र कागद काढू नका. दिव्यांचा पिवळेपणा पुसला गेला तर त्या शॉटमध्ये राहिलं काय? तिथे ४५०० केल्व्हिनच्या जवळपास ठेवा.

'लॉग' प्रोफाइल म्हणजे नंतर रंग करता यावेत म्हणून मुद्दाम फिकं चित्र घेणारी सेटिंग. तिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष नको. चित्र फिकं दिसतं, नंतर रंग करावे लागतात, कमी उजेडात दाणे येतात, आणि आठ बिटच्या कॅमेऱ्यात आभाळावर पायऱ्या दिसतात. साधी स्टँडर्ड प्रोफाइल घ्या, तिच्यात कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस थोडे खाली आणा. पाहणाऱ्याला लॉग कळत नाही, पट्टे आणि हललेलं चित्र कळतं.

फाइलचा प्रकार निवडताना आपला लॅपटॉप बघा. एच.२६५ ची फाइल लहान असते, पण जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालते. शंका असेल तर एच.२६४. तसंच ४के हवंच का, हेही विचारा. गावाकडच्या मंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर फुल एचडी पुष्कळ झालं.

कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तेव्हा स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारी सोय) बंद करा. हातात असेल तेव्हा चालू. 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा डिजिटल प्रकारचा स्टॅबिलायझर फ्रेम थोडी कापतो. बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये रेकॉर्डिंग अर्धा तास भरायच्या जरा आधी आपोआप थांबतं. भाषण किंवा कीर्तन शूट करताना घड्याळाकडे लक्ष ठेवा आणि टाळ्यांच्या वेळी स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करा.

९. आवाज

कॅमेऱ्यातला माइक लेन्सच्या मोटारीची घरघर आणि तुमच्या बोटांची खसखस आधी ऐकतो, समोरच्या माणसाला नंतर. छोटा कॉलर माइक घेतलात तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो. कॅमेऱ्याला माइकचं भोक आहे का, हे मात्र विकत घेतानाच बघा.

आवाजाची पातळी ऑटोवर असली की कॅमेरा शांततेत आवाज वाढवतो आणि मोठा आवाज आला की दाबतो. माणूस बोलायचा थांबला की पंख्याचा घोंघाट वर येतो. म्हणून पातळी मॅन्युअल करा आणि सर्वांत मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावा. शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज कुणालाच शिवता येत नाही.

नाशिक ढोलापुढे हा सगळा हिशेब कमी पडतो. पथक वाजायला लागलं की पातळी जवळजवळ तळाशी न्या, आणि तरी काटा लाल होत असेल तर चार-पाच मीटर मागे सरका. इयरफोन लावून ऐकल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. मोकळ्या जागी, विशेषतः गंगापूर धरणाच्या काठावर, माइकवर केसाळ टोपी हवीच. नाहीतर वाऱ्याची फडफड सोडून दुसरं काही ऐकू येत नाही.

१०. दोन्ही सेटिंग सेव्ह करा

बहुतेक कॅमेऱ्यांत सेटिंगचा पूर्ण संच साठवता येतो. डायलवर 'सी१, सी२', 'यू१, यू२' किंवा नुसते '१, २' असे आकडे असतात. पहिल्या जागी फोटो, दुसऱ्या जागी व्हिडिओ. आता घाटावर तुम्हाला तीनच गोष्टींना हात लावायचा आहे: हा डायल, अ‍ॅपर्चर, आणि अधिक-उणे. व्हिडिओत अधिक-उणेच्या जागी एनडी.

काही कॅमेऱ्यांत तात्पुरता केलेला बदल बंद-चालू केल्यावर पुसला जातो, काहींत राहतो. घरी एकदा करून पाहा. आणि तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर दोन्ही संच कागदावर लिहून बॅगेत ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

११. पहिली फेरी

सराव म्हणून गोदाघाट उत्तम. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटीची देवळं पूर्वेच्या काठावर येतात. सकाळी जुन्या नाशकाच्या बाजूने बघितलंत तर सूर्य देवळांच्या मागून येतो आणि शिखरं नुसती काळी आकृती होऊन उभी राहतात. दिवस कलल्यावर त्याच नारोशंकराच्या देवळावर समोरून ऊन पडतं. दोन्ही वेळा जा. आवाजाचा सरावही तिथेच होतो.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा खाली. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला आणि क्रियाकर्माला येतात; त्यांच्या तोंडासमोर लेन्स धरू नका, आणि स्नान करणाऱ्यांना विचारल्याशिवाय टिपू नका. त्र्यंबकेश्वराच्या आणि काळारामाच्या गाभाऱ्यात फोटो घेऊ देत नाहीत. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिथे ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, हाताने फोटो घ्यायला अडचण नसते. देवळालीचा लष्करी भाग, ओझरचं विमानतळ आणि नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर इथे कॅमेरा बॅगेतून काढूच नका. ओळखपत्र आणि बिलाची प्रत जवळ असली की चौकशीला दोन मिनिटं लागतात, नाहीतर अर्धा दिवस जातो.

रंगपंचमीच्या रहाडीचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदाचा, मोह सगळ्यांनाच होतो. शनी चौकात किंवा तिवंध्याला कुणाचा धप्पा (रहाडीतली उडी) बसला की रंगाचं पाणी कुठवर उडतं ते माहीत असेलच. साध्या कॅमेऱ्याला पावसाचं प्लॅस्टिक कव्हर घाला, लेन्स घरूनच लावून न्या, तिथे बदलू नका, आणि शक्य असेल तर वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी ओळख काढा.

१२. घरी आल्यावर

कार्ड रीडरने फाइल दोन ठिकाणी उतरवा: लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. दोन्हीकडच्या फाइल उघडून बघितल्यावरच कार्ड फॉरमॅट करा.

इथे एक जीवघेणा सापळा आहे. फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ मात्र तिथे नसतात. ते 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत 'एम४रूट' आणि त्याच्याही आत 'क्लिप' इथे जातात. नवा माणूस डीसीआयएम उतरवतो, फोटो मोजतो, समाधानाने कार्ड फॉरमॅट करतो, आणि सगळे व्हिडिओ जातात. म्हणून फोल्डर निवडत बसू नका, अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. वर काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंच परत मिळू शकतं.

१३. नाशिकचा पावसाळा

सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसात येतात, त्यामुळे हे आत्ताच वाचून ठेवा. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि ती काढायला लेन्स उघडावी लागते. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कॅमेरा महिनोन्महिने पडून राहणं हे त्याचं मुख्य कारण.

स्वयंपाकघरातला हवाबंद झाकणाचा मोठा डबा पुरतो. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. फार कोरडंही नको, रबराचे भाग कडक होतात. निळं जेल ओलावा शोषून गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं होतं. रंग बदलला की ते लोखंडी कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, पण ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नका.

एसी गाडीतून थेट बाहेर पडल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, बॅगेची चेन बंदच ठेवून कॅमेऱ्याला दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या. सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या आतल्या चिपवर) धूळ दिसली तर लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. एवढ्याने डाग गेला नाही, तर सेन्सरला कापड किंवा बोट न लावता सर्व्हिस सेंटरला द्या, आणि देताना पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या.